पिरेनीज पर्वतातील सरहद्दीचे लोहमार्ग : सायकलयात्रेच्या अंगाने एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पर्वत हे राष्ट्राराष्ट्रांमधील नैसर्गिक कुंपण होय, ही समजूत इतकी रूढ आहे की तिची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वास्तविक पर्वताच्या दोन्ही उतारांवर राहणाऱ्या धनगरांना, व्यापाऱ्यांना आणि यात्रेकरूंना खिंड ही वाट होती, कुंपण नव्हे. कुंपण घातले ते राज्यसंस्थेने. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच राज्यसंस्थेने ते कुंपण भेदून लोहमार्ग नेण्याचे मनावर घेतले. एका हाताने सरहद्द आखावयाची आणि दुसऱ्या हाताने तिला भोक पाडावयाचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. त्यातील विसंगती ज्या प्रदेशात विशेष स्पष्टपणे दृष्टोत्पत्तीस येते तो प्रदेश म्हणजे फ्रान्स व स्पेन यांच्यामधील पिरेनीज पर्वत.

बिस्केच्या उपसागरापासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे ४३० कि.मी. लांबीच्या या रांगेत फ्रान्स व स्पेन यांना जोडणारे चार लोहमार्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सिद्ध झाले. दोन समुद्रकाठाने गेले, दोन पर्वत फोडून गेले. पर्वत फोडणाऱ्या दोहोंपैकी सोंपोर खिंडीखालून जाणारा कान्फ्रांकचा मार्ग १९२८ मध्ये मोठ्या समारंभाने सुरू झाला आणि १९७० मध्ये बंद पडला. एका मालगाडीच्या अपघातात पूल कोसळला म्हणून तो बंद पडला, असे सामान्यतः सांगितले जाते. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. पूल कोसळला की राष्ट्रे तो पुन्हा बांधतात. युद्धात उद्ध्वस्त झालेले शेकडो पूल युरोपने काही वर्षांत उभे केले. मग दरीतल्या एका पुलावाचून दोन राष्ट्रांचे घोडे का अडावे?

या प्रश्नाचा विचार येथे एका काहीशा अपरिचित अंगाने करावयाचा आहे. पिरेनीजमधील नद्या मुख्य कण्यापासून उत्तरेस व दक्षिणेस वाहत जातात. त्यामुळे आगगाडी दरीच्या लांबीने कण्याकडे चढते. त्या आगगाडीतील प्रवाशास एकच दरी दिसते. याउलट समुद्रापासून समुद्रापर्यंत रांगेच्या लांबीने जाणारा सायकलस्वार प्रत्येक दरी आडवी ओलांडतो, आणि ठिकठिकाणी कण्याच्या दिशेने आत वळला की सरहद्दीचे सर्व लोहमार्ग एकामागून एक त्याच्या दृष्टीस पडतात. जी तुलना दफ्तरखान्यात निरनिराळ्या रुमालांत विभागली गेलेली असते, ती या वाटेवर सलग मांडलेली आढळते. सायकल हे इतिहासाचे साधन नव्हे हे खरे. पण ती प्रश्न विचारावयास लावते आणि पुष्कळदा चढाचे उत्तर पायांना देते.

२. सरहद्द आणि रुळांचे माप

१६५९ मध्ये बिदासोआ नदीतील एका बेटावर फ्रान्स व स्पेन यांच्यात पिरेनीजचा तह झाला. पर्वताची रांग ही दोन राज्यांची सीमा असे तत्त्व त्यात मान्य झाले. परंतु कणा नेमका कोणता आणि कोणते गाव कोणाचे, हे ठरावयास पुढे दोन शतके गेली. १८५६, १८६२ व १८६६ या साली बायोन येथे झालेल्या तहांनी सरहद्द निश्चित झाली आणि बिदासोआपासून भूमध्य समुद्रापर्यंत ६०२ क्रमांकित सीमाशिला रोवल्या गेल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सीमाशिला रोवण्याचे काम आणि सरहद्दीवरील पहिला लोहमार्ग ही दोन्ही एकाच दशकातील आहेत. पश्चिमेस इरून व आंदाय यांना जोडणारा मार्ग १८६४ मध्ये पुरा झाला. पूर्वेस पोर्तबू व सर्बेर यांच्यामधील जोड १८७८ मध्ये सिद्ध झाला. दोन्ही मार्गांनी पर्वताला वळसा घातला.

या जोडांना जोड म्हणणेही काहीसे सैल ठरते. १८४४ मध्ये स्पेनच्या अभियंत्यांनी आपल्या लोहमार्गासाठी सहा कास्तीली फुटांचे, म्हणजे सुमारे १६७२ मिलिमीटरचे, माप मुक्रर केले होते. फ्रान्सचे माप १४३५ मिलिमीटर. फ्रेंच सैन्य आगगाडीत बसून माद्रिदला येऊ नये म्हणून ही योजना केली, अशी लोकसमजूत आहे. सुबेर्कासे यांच्या ज्या अहवालावरून हा निर्णय झाला, त्यातील विवेचन मात्र निराळे आहे : डोंगराळ देशात अधिक शक्तीची इंजिने लागतील, त्यांना मोठे बाष्पक लागतील आणि ते सामावून घेण्यास रुंद मार्ग हवा, असा तो विचार होता. भारतातील रुंद मार्गाचे माप १६७६ मिलिमीटर आहे. म्हणजे स्पेनचा मार्ग त्याच्या अगदी जवळचा आहे. हेतू काहीही असो, परिणाम एकच झाला. सरहद्दीवर येणारी प्रत्येक गाडी थांबे, प्रवासी उतरत आणि माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावा लागे. सीमाशिलेने जे काम डोंगरमाथ्यावर केले तेच रुळांच्या मापाने स्थानकात केले.

आंदायच्या स्थानकात २३ ऑक्टोबर १९४० रोजी हिटलर आणि फ्रँको यांची भेट झाली. दोन सत्ताधीश आपापल्या आगगाडीने आले व भेट संपल्यावर आपापल्या रुळांवरून परत गेले. एकाची गाडी दुसऱ्याच्या मार्गावर चालू शकत नव्हती, ही गोष्ट त्या निष्फळ वाटाघाटींचे कारण नव्हे. पण तिचे यथार्थ चित्र खचित होय.

३. डोंगरात सायकलचा प्रवेश

पर्वत फोडून मार्ग न्यावा या मागणीने फ्रान्समध्ये व स्पेनमध्ये जोर धरला त्याच काळात सायकल डोंगरात शिरली. १८९० मध्ये स्थापन झालेला तूरिंग क्लब द फ्रान्स हा मुळात सायकलस्वारांचा संघ होता. सँ-एत्येन येथील पॉल द व्हीव्ही (१८५३–१९३०) यांनी ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने केलेल्या लेखनातून आणि आपल्या ‘ल सिक्लिस्त’ या नियतकालिकातून डोंगरातील सायकलयात्रेचा पुरस्कार केला. चढ हा स्नायूंच्या बळाने नव्हे तर योग्य दंतचक्राने जिंकावा, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. एकाच सायकलीला अनेक गती असाव्यात म्हणून त्यांनी आयुष्यभर प्रयोग केले. शर्यतीच्या जगाने हा विचार उशिरा स्वीकारला. तूर द फ्रान्स या शर्यतीत गती बदलण्याच्या यंत्रणेस १९३७ पर्यंत मज्जाव होता.

या शर्यतीने पिरेनीजचे उंच घाट प्रथम ओलांडले ते १९१० मध्ये. त्यापूर्वी आल्फाँस स्तेनेस याने तूर्मालेच्या घाटाची पाहणी केली. बर्फात मोटार अडून रात्री पायी भटकावे लागले असताही त्याने रस्ता उत्तम असल्याची तार पॅरिसला धाडली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. २१ जुलै १९१० रोजी ल्यूशोंपासून बायोनपर्यंतच्या ३२६ कि.मी.च्या टप्प्यात स्पर्धकांनी पेरसूर्द, आस्पँ, तूर्माले आणि ओबिस्क हे घाट एका दिवसात पार केले. ओक्ताव्ह लापीझ याने तो टप्पा जिंकला आणि वाटेत आयोजकांना खुनी म्हणून संबोधले. तूर्मालेची उंची २११५ मीटर आहे. त्याच दिवसांत, ओबिस्कच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर, सोंपोरच्या खाली दोन्ही बाजूंनी बोगद्याचे खोदकाम चालू होते. एकाच उन्हाळ्यात, एकाच पर्वतात, माणूस एकीकडे डोंगराच्या माथ्यावरून स्वतःच्या बळाने जात होता आणि दुसरीकडे डोंगर नाहीसा करण्याच्या खटाटोपात होता.

पुढे हौशी यात्रिकांसाठी आंदायपासून सर्बेरपर्यंत सुमारे ७२० कि.मी.चा मार्ग शंभर तासांच्या आत पार करण्याचा उपक्रम पो येथील सायकलमंडळाने रूढ केला. या उपक्रमाची दोन टोके म्हणजे सरहद्दीवरील दोन जुन्या लोहमार्गांची स्थानके होत, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. लोहमार्गाने जो पर्वत टाळला, नेमका तोच दोन स्थानकांच्या मध्ये उरला आणि तो सायकलस्वाराच्या वाट्याला आला.

४. आस्पची दरी व कान्फ्रांक

पश्चिमेकडून येणाऱ्या यात्रिकास ओलोराँ येथे आस्पची दरी आडवी येते. सोंपोर खिंडीकडे जाणारा हा रस्ता फार पुरातन. सांतियागोच्या यात्रेकरूंची वाट येथूनच जाई आणि खिंडीच्या पलीकडे सांता क्रिस्तिना येथे त्यांच्यासाठी धर्मशाळा होती. सारागोसाच्या नागरिकांनी कान्फ्रांकमार्गे फ्रान्सला लोहमार्ग न्यावा अशी जाहीर मागणी १८५३ मध्येच केली होती. स्पेनच्या बाजूचे काम १८८२ मध्ये वेस्का येथे राजा बारावा आल्फोन्सो याच्या हस्ते सुरू झाले आणि १८९३ मध्ये गाडी हाका गावी पोहोचली. पुढे मात्र सरहद्द होती, आणि सरहद्दीपलीकडच्या राज्याच्या संमतीवाचून एक पाऊलही टाकता येत नव्हते. अखेरीस १८ ऑगस्ट १९०४ रोजी पॅरिस येथे करार होऊन पर्वत फोडणारे तीन मार्ग बांधण्याचे दोन्ही राष्ट्रांनी मान्य केले : ओलोराँ ते सारागोसाच्या दिशेने जाणारा सोंपोरचा, सँ-जिराँ ते लेरिदा हा सालाऊचा, आणि आक्स-ले-तेर्म ते रिपोल हा पुइग्सर्दाचा.

सोंपोरचा बोगदा ७८७५ मीटर लांबीचा आहे. १९१२ मध्ये त्याची दोन तोंडे एकमेकांस मिळाली. परंतु पहिल्या महायुद्धामुळे व फ्रेंच बाजूच्या कामाच्या दिरंगाईमुळे मार्ग पुरा होण्यास आणखी सोळा वर्षे लागली. १८ जुलै १९२८ रोजी राजा तेरावा आल्फोन्सो व फ्रान्सचे अध्यक्ष गास्ताँ दूमेर्ग यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले.

फ्रेंच बाजूने बदूसपासून वर जाताना रस्ता आणि लोहमार्ग यांची सोबत आहे. या ठिकाणी सायकलस्वाराच्या ध्यानात एक गोष्ट येते. लोहमार्गाचा कमाल चढ हजार मीटरला ४३ मीटर, म्हणजे सुमारे चार टक्के आहे. सायकलीला हा चढ मध्यम. हलके दंतचक्र लावून माणूस गप्पा मारीत तो चढू शकतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला मात्र तो अतिशय बिकट, कारण त्या दोहोंमधील पकड अत्यंत अल्प असते. बोरघाटातील लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर होता व तोही अवघड गणला गेला. सोंपोरचा चढ तेवीस मीटरला एक मीटर असा पडतो. म्हणूनच दरीत जेथे रस्ता सरळ वर जातो तेथे लोहमार्ग डोंगराच्या पोटात शिरून वर्तुळाकार बोगद्यातून स्वतःभोवती फिरतो आणि उंची साधून पुन्हा बाहेर येतो. मिदी कंपनीने या मार्गासाठी पिरेनीजमधील जलशक्तीवर उत्पन्न केलेली वीज वापरली; वाफेच्या इंजिनांना हा चढ परवडणारा नव्हता.

वाटेत उभ्या कड्यात खोदून बसविलेला पोर्तालेचा किल्ला लागतो. स्पेनमधून येणारा रस्ता अडविण्यासाठी तो एकोणिसाव्या शतकात बांधण्यात आला. खिंडीपलीकडे स्पेननेही कान्फ्रांकच्या वर आपले दुर्ग उभारले आहेत. म्हणजे बोगद्याच्या दोन्ही तोंडांवर तोफांचे पहारे होते. दोन्ही राज्यांनी एकमेकांना दार उघडून दिले. मात्र दाराशी आडणा तयार ठेवला.

सुमारे १६३० मीटर उंचीची खिंड ओलांडून यात्रिक स्पेनमध्ये उतरू लागला की, सुमारे १२०० मीटर उंचीवर, अरुंद दरीत, २४१ मीटर लांबीची एक भव्य इमारत अकस्मात समोर येते. हे कान्फ्रांकचे आंतरराष्ट्रीय स्थानक. या स्थानकासाठी बोगद्यातील दगडमातीचा भराव घालून सपाट जागा करण्यात आली, आरागोन नदीला नवा प्रवाह करून देण्यात आला आणि हिमलोट थोपविण्यासाठी डोंगरउतारांवर झाडे लावण्यात आली. इमारतीच्या एका बाजूस फ्रेंच मापाचे रूळ, दुसऱ्या बाजूस स्पेनचे. आत दोन्ही देशांचे जकात अधिकारी व पोलीस. एका गाडीतून उतरून, इमारत आडवी ओलांडून, दुसऱ्या गाडीत बसावयाचे अशी रचना होती. इमारतीची लांबी ही वैभवाची खूण म्हणून वर्णिली जाते. परंतु रुळांचे माप एक असते तर एवढ्या इमारतीची गरजच पडली नसती. डोंगरमाथ्यावरची सरहद्द बोगद्याने पुसली नाही. ती उचलून या इमारतीत आणून ठेवली.

या स्थानकाचा पुढील इतिहास म्हणजे त्या सरहद्दीच्या उघडझापीचा इतिहास आहे. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. वाहतूक थांबली आणि बोगदा भिंत घालून बंद करण्यात आला. १९४० मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा नाझी सत्तेपासून पळणारे ज्यू व इतर निर्वासित या मार्गाने स्पेनमध्ये उतरले. तेथील फ्रेंच जकातीचा प्रमुख आल्बेर ल ले याने पुष्कळांना साह्य केले व दोस्तांच्या गुप्त निरोपांची ने-आण केली. नोव्हेंबर १९४२ पासून जर्मन पथक त्या स्थानकात येऊन बसले. इबेरियातील टंगस्टन उत्तरेस जर्मनीकडे जात असे आणि उलट दिशेने सोने येत असे. २००० मध्ये स्थानकातील दुर्लक्षित कागदांत या वाहतुकीच्या नोंदी सापडल्या. ८६ टनांहून अधिक सोन्याची नोंद त्यांत आहे. तटस्थ म्हणविणाऱ्या राष्ट्राच्या भूमीवर दुसऱ्या राष्ट्राची कचेरी, आणि तिच्यात तिसऱ्या राष्ट्राचे सैनिक, असा विलक्षण प्रकार तेथे घडला. युद्धाच्या अखेरीस मार्ग पुन्हा बंद झाला व १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाला.

२७ मार्च १९७० रोजी मक्याने भरलेली एक मालगाडी फ्रेंच बाजूने वर चढत असता इंजिनांची पकड सुटली. गाडी उताराने मागे घसरत गेली आणि लेस्तांगे येथील पूल तिच्या आघाताने कोसळला. प्राणहानी झाली नाही. पूल मात्र पुन्हा बांधला गेला नाही. मार्ग बंद करण्याचा गाजावाजा झाला नाही. कराराचा कागद फाडण्यात आला नाही. केवळ एक पूल बांधावयाचा राहिला, आणि पुढील अर्धशतकाहून अधिक काळ ते भिजत घोंगडे पडून राहिले.

५. न झालेला मार्ग

पूर्वेकडे जाणारा यात्रिक पुढे सँ-जिराँ येथे पोहोचतो. १९०४ च्या करारातील दुसरा मार्ग येथून सालाऊच्या खिंडीखालून लेरिदाकडे जावयाचा होता. दरीत वर कितीही शोधले तरी सरहद्दीचा बोगदा सापडत नाही, कारण तो खोदलाच गेला नाही. स्पेनच्या बाजूने लोहमार्ग १९५१ मध्ये ला पोब्ला दे सेगूर येथवर आला आणि तेथेच थांबला.

अभ्यासकाला या रिकाम्या दरीचा उपयोग आहे. कान्फ्रांकचा मार्ग अपघाताने बंद पडला असे म्हणावे, तर सालाऊचा मार्ग कोणत्या अपघाताने झाला नाही? तेथे पूलही नव्हता आणि तो पाडणारी गाडीही नव्हती. करार तोच, राष्ट्रे तीच, सह्या त्याच. या दोन दऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे अपघाताचे कारण दुय्यम ठरते आणि मूळ प्रश्न उघडा पडतो : करारातील वचन कोणाच्या गरजेचे होते?

६. सर्दान्या

तिसऱ्या मार्गाने मात्र निराळी कहाणी सांगितली. आक्स-ले-तेर्मपासून सुमारे १९२० मीटर उंचीची प्युइमोराँ खिंड चढून यात्रिक दक्षिणेस उतरतो तो सर्दान्याच्या विस्तीर्ण, सपाट खोऱ्यात. हे खोरे एक. भाषा एक, कातालान. १६५९ च्या तहाने व त्यानंतरच्या वर्षी झालेल्या वाटणीने त्याचे दोन तुकडे झाले. तेहतीस खेडी फ्रान्सला देण्यात आली. ल्यिविया हे खेडे नसून नगर आहे या मुद्द्यावर ते स्पेनकडे राहिले, आणि आजही ते चोहोबाजूंनी फ्रान्सने वेढलेले स्पेनचे बेट आहे. येथे सरहद्द कण्यावरून जात नाही. ती शेतांमधून जाते. सायकलस्वाराला एका सकाळीत ती अनेकदा ओलांडता येते आणि एकाही वेळी चढ लागत नाही. नैसर्गिक सीमेच्या सिद्धांताचे याहून सोपे खंडन असू शकत नाही.

या खोऱ्यात १९२९ मध्ये तूलूझ आणि बार्सिलोना यांना जोडणारा मार्ग पुरा झाला. त्याचे संयुक्त स्थानक फ्रेंच हद्दीत ला तूर द कारोल येथे आहे. स्पेनचे रुंद माप, फ्रान्सचे मध्यम माप आणि सर्दान्यातील पिवळ्या गाडीचे एक मीटरचे अरुंद माप, असे तीन मापांचे रूळ तेथे एकत्र येतात. कान्फ्रांकचे सर्व दोष येथेही आहेत. रुळांचे माप बदलते, गाडी बदलावी लागते, बोगदा आहे, फ्रेंच बाजूचा चढ हजारास चाळिसाच्या घरातला आहे. यादवी युद्धाची व महायुद्धाची झळही येथे लागली. असे असूनही हा मार्ग जगला.

म्हणजे मापातील भेद हे कान्फ्रांकच्या मृत्यूचे एकमेव कारण मानता येत नाही. चढ हेही नाही. भेद आहे तो दोन मार्गांच्या पायथ्याशी असलेल्या मनुष्यवस्तीत. सर्दान्याचे खोरे दोन्ही बाजूंनी वसलेले आहे. पुइग्सर्दाचा रहिवासी बार्सिलोनास जाण्यासाठी गाडीत बसतो, त्या वेळी तो आंतरराष्ट्रीय प्रवास करीत नसतो. तो घरून बाजारास जात असतो. सरहद्दीपर्यंतचे दोन्ही तुकडे स्वतःच्या बळावर उभे आहेत आणि सरहद्दीवरची वाहतूक ही त्यावरची भर आहे. कान्फ्रांकचे स्थानक उलटपक्षी मुळात ओसाड जागी उभारलेले होते. त्याच्याभोवतीचे गाव स्थानकासाठी वसले. बदूसच्या वरच्या आस्प दरीतही वस्ती विरळ. त्या तुकड्याचे प्रयोजन केवळ सरहद्द ओलांडणे हेच होते. म्हणून सरहद्द मिटली की तो निरर्थक होई. शिवाय भव्य स्थानक स्पेनच्या भूमीवर आणि महागडा घाट फ्रान्सच्या भूमीवर, अशी वाटणी होती. जो खर्च करणार त्याला वैभव दिसत नव्हते. ज्याला वैभव मिरवावयाचे होते त्याच्या हाती पूल नव्हता.

७. सर्बेर आणि मापाचे ऐक्य

भूमध्य समुद्रावर सर्बेर येथे यात्रा संपते. या गावाला मापातील भेदानेच जन्म दिला असे म्हटले तरी चालेल. व्हॅलेन्सियाकडून येणारी संत्री स्पेनच्या डब्यांतून फ्रान्सच्या डब्यांत हलविण्याचे काम येथे स्त्रिया करीत. टोपल्यांतून संत्री वाहून नेणाऱ्या या स्त्रियांनी १९०६ मध्ये मजुरीसाठी संप केला. फ्रान्समधील स्त्रीकामगारांच्या आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. राजधान्यांत बसून ठरविलेल्या २३७ मिलिमीटरच्या फरकाचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला, याचे उत्तर या टोपल्यांत आहे. त्याच डोंगरवाटेने सप्टेंबर १९४० मध्ये वाल्टर बेन्यामिन हा जर्मन विचारवंत पायी पोर्तबूला पोहोचला आणि परत पाठविले जाण्याच्या भीतीने तेथे मरण पावला. खाली बोगद्यातून रूळ जात होते. परंतु परवान्यावाचूनच्या माणसाला ते उपयोगाचे नव्हते.

मापाचा प्रश्न पुढे यंत्रविद्येने सोडविला. १९६९ मध्ये बार्सिलोना व जिनीव्हा यांच्यामध्ये चाकांतील अंतर आपोआप बदलणारी ताल्गो गाडी सुरू झाली. १९९५ पासून शेंगेन कराराची अंमलबजावणी होऊन सरहद्दीवरील नित्याची तपासणी थांबली. २०१० मध्ये पर्पिन्याँ व फिगेरास यांच्यामध्ये, ल पेर्तूच्या डोंगराखालील सुमारे आठ कि.मी.च्या बोगद्यातून, एकाच मापाचा द्रुतगती मार्ग खुला झाला. त्यावरून जाणाऱ्या प्रवाशास सरहद्द कोठे येते हे कळत देखील नाही.

कान्फ्रांकचे भाग्य यामुळे आपोआप पालटले नाही. सोंपोरखालून २००३ मध्ये रस्त्याचा बोगदा खुला झाला आणि जुना रेल्वेबोगदा त्याचा संकटकालीन निर्गममार्ग बनला. त्याच्या पोटात, डोंगराच्या जाड आवरणाचा लाभ घेऊन, भौतिकशास्त्राची भूमिगत प्रयोगशाळा चालते. स्पेनच्या बाजूने गाडी कान्फ्रांकपर्यंत येत राहिली. फ्रेंच बाजूने २०१६ मध्ये ओलोराँ ते बदूस हा तुकडा पुन्हा सुरू झाला. २०२३ मध्ये भव्य स्थानकाचे विश्रामगृह झाले. राहिला तो मधला सुमारे तीस कि.मी.चा तुकडा, म्हणजे नेमका सरहद्दीचा.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, १९७० चा अपघात हा कान्फ्रांक मार्गाच्या बंद पडण्याचा प्रसंग होय. ते त्याचे कारण नव्हे. सालाऊचा न झालेला आणि सर्दान्याचा जगलेला मार्ग त्याच्या शेजारी ठेवला असता हे स्पष्ट होते. दुसरी ही की, चढ व माप या तांत्रिक अडचणी दोन्ही डोंगरी मार्गांना समान होत्या. ज्या ठिकाणी दैनंदिन जीवनाला मार्गाची गरज होती तेथे त्या सोसल्या गेल्या, आणि ज्या ठिकाणी केवळ राज्यांच्या प्रतिष्ठेला गरज होती तेथे सोसल्या गेल्या नाहीत. तिसरी ही की, १९०४ च्या कराराने बोगदा खोदण्याची जबाबदारी वाटून दिली, परंतु त्या वास्तूला एक धनी दिला नाही. दोघांची मालमत्ता संकटात कोणाचीच राहिली नाही.

अशा मार्गांचा अभ्यास करार, अहवाल व अंदाजपत्रके यांच्या आधारेच केला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु कागद हे राजधान्यांत लिहिले जातात आणि राजधानीतून सरहद्द ही नकाशावरील रेघ दिसते. त्या रेघेवरून हळूहळू जाणाऱ्याला ती कोठे डोंगरमाथा असते, कोठे शेताचा बांध, कोठे स्थानकातील एक लांब दालन, आणि आस्पच्या दरीत तर नदीवरील एक रिकामी जागा. बदूसच्या वर रस्त्याच्या कडेने गंजलेले रूळ गवतातून जाताना दिसतात, बोगद्याच्या तोंडाशी नाहीसे होतात आणि पुन्हा वर प्रकट होतात. चढ तोच आहे, दरी तीच आहे आणि सायकल चढून जाते. आगगाडी तेथे थांबली आहे ती डोंगराने अडविली म्हणून नव्हे.